वरची चूल

१

त्या रविवारात लक्षात ठेवण्यासारखं काही नव्हतं. धान घरात आलं होतं, अंगणात तणसाचे ढीग लागले होते आणि बिसनलाल टेंभरे नेहमीसारखे छतावर सोलरच्या प्लेटा धूत होते. त्यांची मुलगी योगेश्वरी सकाळच्या बसने फुलचूरहून आली होती. चहाचे कप सांभाळत ती जिना चढली.

"तिकडून नको येऊ, भिजशील," बाबूजी म्हणाले.

प्लेटांवरचं पाणी दक्षिणेच्या कडेने खाली ओघळायचं. तिथे त्यांनी फुटक्या घमेल्यांत सांबार पेरला होता. पाणी प्लेटा धुणार आणि जाता जाता कोथिंबीरही वाढवणार. एका कामात एकच काम उरकणारा माणूस त्यांना आळशी वाटायचा.

उत्तरेच्या बाजूला, प्लेटांच्या सावलीत, त्यांची खाट होती. चहा घेऊन ते तिच्यावर टेकले.

चार प्लेटांचा तो सांगाडा त्यांनी गावातल्या चुन्नीलाल वेल्डरकडून आपल्या डोक्याने बनवून घेतला होता. मधल्या आडव्या पाइपावर तो झोपाळ्यासारखा कलायचा. थंडीत सूर्य दक्षिणेला झुकतो म्हणून दसऱ्याला प्लेटांची तोंडं दक्षिणेकडे उभी करायची. उन्हाळ्यात तो डोक्यावर येतो म्हणून अक्षय तृतीयेला त्या आडव्या करायच्या. बोटभर जाड लोखंडी खुंटी भोकात घातली की सांगाडा जागच्या जागी. हे काम नवरा-बायको मिळून करत. गोरेगाव तालुक्यातल्या त्यांच्या चिचटोला गावात दसऱ्याला सगळे सोनं वाटायला निघायचे, हे दोघं छतावर असायचे.

"खाली आणाले एक माणूस पुरते, वर चढवाले दोन लागतात," बाबूजी म्हणाले. "संसारासारखंच आहे."

"संसारात खाली कोण आणते अना वर कोण चढवते, तेही सांगा न पोरीले," जिन्यातून माय म्हणाली. धनवंताबाई चिवड्याची ताटली घेऊन वर आल्या होत्या. खुंटीला त्याच तेल लावत, चुलीला पोतेरं घालावं तितक्या मनापासून. प्लेटांना त्या वरची चूल म्हणत. खालची चूल सरपणाची, वरची सूर्याची.

धाकट्या धनेंद्रने अंगणातून हाक दिली, "बाबूजी, वीज फुकट आहे त यंदा एसी लावू न."

"सूर्य फुकट आहे म्हणून दिवसा दिवा लावतोस का?" बाबूजींनी वरूनच विचारलं. मग योगेश्वरीकडे वळून म्हणाले, "फुकट नाही हे. आपल्याले लागली तेवढी घेतली, उरली ते तारेतून पुढे जाते. कोणाच्या तरी घरी पंखा फिरते." त्यांनी खाटेवर हात पसरला. "ही सावली पाह्य. अंगभर आहे न? सावली जेवढी रुंद, तेवढी वीज. वर ऊन पकडलं गेलं म्हणून त खाली सावली पडली."

"तुम्हीच यायला हवं माझ्या वर्गावर."

"काय शिकवून राहिलीस हल्ली?"

योगेश्वरी गोंदियाच्या कॉलेजात भूगोल शिकवायची. "जग किती कोळसा जाळतं, किती पाणी उपसतं, किती वीज वापरतं. सगळ्यांनी मोठ्या शहरातल्या श्रीमंतांसारखं राहायचं ठरवलं तर एक पृथ्वी पुरणार नाही."

"अना आपल्यासारखं राहाचं ठरवलं तर?"

"तर पुरेल."

"पुरून उरन," बाबूजी नेहमीप्रमाणे म्हणाले, आणि गावाच्या छपरांकडे समाधानाने पाहत राहिले.

तिच्या ओठांवर एक गोष्ट आली होती. दरवर्षी पहिल्या तासाला ती काय सांगते, त्याबद्दलची. पण चहा निवत होता, बसची वेळ होत होती, आणि असल्या गोष्टी त्यांच्या घरात कुणी कुणाला बोलून दाखवत नसे. पुढल्या वेळी सांगू, असं तिला वाटलं.

मंगळवारी सकाळी बिसनलाल शेतावरून आले, ओट्यावर टेकले आणि उठलेच नाहीत.

२

जानेवारीत विजेचं बिल आलं.

कित्येक वर्षांत त्या घराला बिल असं आलंच नव्हतं. मीटरवरचा बाण घराकडून तारेकडे जाताना दिसायचा, आणि येणाऱ्या-जाणाऱ्याला तो दाखवणं हा बाबूजींचा पाहुणचार होता. आता तोच बाण तारेकडून घराकडे येत होता, तोही भर दुपारी.

पानठेल्यावर टेकचंद रहांगडालेने त्याचा अर्थ लावून टाकला. टेकचंद शेजारी, माजी सरपंच, आणि बाबूजींचा जन्माचा विरोधक. "जिता होता तोवर मीटर उलटं. मेला अना सुलटं. आकडा टाकणारा हात गेला, दुसरं काय? सूर्य त तोच आहे."

एकाने ऐकलं, दहांनी सांगितलं. दिवस वाईट निवडला होता या गोष्टीने. सव्वीस जानेवारीच्या ग्रामसभेत बाबूजींचा ठराव यायचा होता: नळाचा पंप, शाळा आणि रस्त्यावरचे दिवे, सगळं सूर्यावर चालवायचं. त्यासाठी ते दोन वर्षं उंबरे झिजवत होते. आता लोक म्हणत होते, चोराच्या ठरावावर हात कायले वर करायचा?

पंचवीस तारखेला सकाळी योगेश्वरी घरी आली. ठराव पडला असता तरी तिने सोसलं असतं. पण ज्या माणसाने उभ्या आयुष्यात दुसऱ्याच्या बांधावरची काडी उचलली नाही, तो चोर म्हणून गावाच्या बोलण्यात राहणार, हे तिला सोसवेना. सभा उद्या. हातात आजचा दिवस.

माय स्वयंपाकघरात तांदूळ निवडत बसली होती. तेरवी झाल्यापासून ती फारसं बोलत नव्हती. ज्या देवळीत बाबूजींच्या नावाने दिवा लावला होता, तिथे दिव्याशेजारी तेल लावलेला लोखंडाचा एक तुकडा होता, त्याला हळद-कुंकू वाहिलेलं.

"हे काय ठेवलंस माय?"

"असू दे," माय म्हणाली आणि सूप जोरात पाखडू लागली.

एवढ्यात अंगणातून चुन्नीलालची हाक आली. तो उंबऱ्याच्या आत आला नाही.

"ताई, टेकचंद म्हणते ते खोटं आहे. पण चोरी झाली, हे खरं. मीटरात नाही. वरून."

३

चुन्नीलालने तिला जिन्याखालचं मशीन दाखवलं. प्लेटांची वीज आधी त्यात उतरते, मग घरात जाते.

"हे पाहा. वरून किती येऊन राहिलं ते इथं दिसते. निम्म्याच्याही खाली आलं. काऊन, ते मशीन सांगत नाही."

"म्हणजे घरात जास्त जळतंय असं नाही. वरूनच कमी येतंय."

"तेच त बोंबलून राहिलो. पण मीच बसवलं, माह्यावर कोण भरोसा ठेवते? टेकचंद म्हणते दोघं मिळून आकडा टाकत होतो. अना तुमचे भाऊ मले छतावर चढू देत नाहीत."

धनेंद्र राइस मिलला जायला मोटरसायकल काढत होता. त्याने मान फिरवली. "चढू देऊन काय करू? उद्या लोक म्हणतील, पुरावा मिटवाले पाठवला. सभेनंतर चढ न."

"तू पाहिलंस का वर जाऊन?" योगेश्वरीने विचारलं.

"पाहिलं. चारही प्लेटा जाग्यावर आहेत. फुटल्या नाहीत, वायर तुटली नाही. धूळ असन म्हणून धुतल्याही. बाबूजींची खाट सारी भिजली, मीही भिजलो. फरक काही पडला नाही." मग खालच्या आवाजात म्हणाला, "ताई, एक सांगतो. मी गिझर आणला. तेरवीनंतर. मायले थंड पाण्यानं आंघोळ नको म्हणून. त्यानं त नसन झालं?"

एवढ्या मोठ्या मिलमधला सुपरवायझर, पण शाळेतल्यासारखा उभा होता. बाबूजी असते तर गिझरवर काय म्हणाले असते, हे दोघांनाही माहीत होतं.

"गिझर खातो," योगेश्वरी म्हणाली. "पण जे वरून आलंच नाही, ते गिझरने कसं खाल्लं असेल?"

धनेंद्रने सुटकेचा श्वास टाकला. मोटरसायकल गेली. योगेश्वरी मशीनकडे पाहत राहिली. प्लेटा शाबूत, तारा शाबूत, धूळ नाही. मग उन्हालाच कुणी अडवलं होतं. आणि टेकचंदच्या परसातला मोठा कडुनिंब तिच्या डोळ्यांसमोर आला.

४

टेकचंद ओट्यावर ऊन खात बसला होता. तिला पाहून त्याने खुर्ची पुढे सरकवली, पण आवाज खाली आणला नाही.

"ये बाई. बापाची वकिली कराले आलीस?"

"झाडाचं विचारायला आले, काकाजी. कडुनिंब वाढला तुमचा."

"हां. म्हणजे चोर मी होय." तो मनापासून हसला. "प्रोफेसरीण आहेस न? माहं झाड तुह्या घराच्या कोणत्या बाजूले?"

झाड उत्तरेला होतं. पौषात कोणत्याही झाडाची सावली दुपारी उत्तरेलाच पडते; कडुनिंबाची टेकचंदच्याच घरावर पडत होती. भूगोल शिकवणाऱ्या बाईला हे विचारावं लागलं होतं.

"तुहा बाप मले हेच सांगाचा," टेकचंद म्हणाला. "म्हणे, टेकचंद, झाड तोडू नको, ते माह्या प्लेटांच्या आड येत नाही. जगाले शहाणपण शिकवाचा. मले त्याचा राग येत होता, खोटं कायले बोलू. पण त्याच्या छतावर पाय ठेवणार नाही मी."

"आणि चोर म्हणालात ते?"

"मीटर म्हणते. मी नाही." मग दाराकडे पाहत, जरा नरमाईने तो म्हणाला, "तो गेला त्या दिवशी भात-वरण माह्याच घरून गेलं तुमच्याकडे. भांडण आपल्या जागी. ज्याच्या घरची चूल थंड, त्याच्या घरी शेजाऱ्यानं अन्न न्यावं, एवढं मलेही समजते."

योगेश्वरी परत निघाली. टेकचंद खरं बोलत होता, चुन्नीलाल खरं बोलत होता, धनेंद्रही. तिघं खरे होते आणि बाबूजी खोटे ठरत होते.

आता एकच जागा राहिली होती. बाबूजी गेल्यापासून ती छतावर एकदाही चढली नव्हती.

५

दुपारी ती जिना चढली. प्लेटांकडे तिने पाहिलंच नाही. नजर आधी खाटेकडे गेली. सुंभ पाण्याने आक्रसला होता. ती त्यांच्या जागी टेकली आणि ऊन सरळ डोळ्यांत आलं.

ती थोडी सरकली. तरी ऊन. आणखी सरकली. सावली होती, पण खांद्यावरच्या दुपट्ट्याएवढी, एक अरुंद पट्टी. त्या रविवारी ती अंगभर होती.

सावली जेवढी रुंद, तेवढी वीज.

योगेश्वरी हळूहळू उठली. दक्षिणेच्या कडेखालच्या घमेल्यांत सांबार वाळून काड्या झाला होता. धनेंद्रने प्लेटा धुतल्या तेव्हा पाणी तिकडे गेलंच नव्हतं. उत्तरेच्या खाटेवर आलं होतं. पाणी उतार पाहून जातं. म्हणजे उतार फिरला होता.

आता तिने मान वर केली. चारही प्लेटा जागच्या जागी, स्वच्छ, चकचकीत, आणि तोंडं उत्तरेकडे. ज्या दिशेला पौषात सूर्य जात नाही, त्या दिशेला. आपले पहारेकरी पाठ फिरवून उभे असावेत तशा. धनेंद्रने प्लेटा मोजल्या होत्या, पण त्या कुठे पाहताहेत हे पाहिलं नव्हतं.

पाइपाजवळचं भोक रिकामं होतं. वाऱ्याने खुंटी पडली असती तर ती छतावर सापडली असती. वाऱ्याला खुंटी देवळीत ठेवता येत नाही, हळद-कुंकू तर नाहीच.

खाली आणाले एक माणूस पुरते.

ती खाली आली. माय अजून तांदूळच निवडत होती, निवडलेलेच पुन्हा. योगेश्वरी तिच्यासमोर बसली आणि सुपात हात घातला.

"माय, चूल कधी विझवलीस?"

"कोणती?"

"वरची."

धनवंताबाईंचा हात थांबला. "त्याच दिवशी," त्या म्हणाल्या. "माणूस घरातून उठला की चूल पेटवत नाही. खालच्या चुलीत मी पाणी ओतलं. अना अंगणात आली त वरची पेटलेलीच. घरात धनी नाही अना ते आपली शिजवून राहिली. मले पाहावलं नाही. गेली, खुंटी काढली. तिनं आपोआप मान खाली घातली."

"मग तेरवीनंतर?"

"तेरवीच्या दुसऱ्या दिवशी खालची पेटवली. वर गेली, जोर लावला. उचलते का एकटीनं?" त्यांचा आवाज तेवढाच राहिला. "एवढी वर्षं तिकडून त्यांचा हात होता. धनेंद्रले हाक मारू म्हणून जिन्यापर्यंत आली, पण तोंडातून शब्द निघेना. त्यांच्या जागी दुसऱ्याचा हात कसा लावू? आज सांगू, उद्या सांगू म्हणता म्हणता ते बिल आलं. लोक त्यांना चोर म्हणाले. मग कोणत्या तोंडानं सांगू, की बायकोनंच केलं?"

योगेश्वरीने सूप बाजूला ठेवलं. देवळीतली खुंटी घेतली. "चल."

छतावर ती बाबूजींच्या जागी उभी राहिली. दोघींनी उत्तरेची कड धरली. पहिल्या वेळी सांगाडा नुसता कुरकुरला.

"गुडघ्यातून जोर लाव," माय म्हणाली. "कमरेतून नाही. ते असंच सांगत."

सांगाडा उठला. खुंटी मायनेच बसवली. खाटेवर सावली हळूच पसरली आणि अंगभर झाली.

खाली मीटरवरचा बाण पुन्हा तारेकडे वळला होता. धनवंताबाईंनी तो पाहिला, पदर नीट केला, आणि विचारलं, "उद्या सभेत काय सांगशील?"

बाबूजींचं नाव सोडवायचं तर मायचं नाव घ्यावं लागणार होतं.

६

झेंडावंदन झालं आणि शाळेच्या पटांगणातच सभा बसली. टेकचंद सगळ्यांत आधी उठला. "ठरावाच्या आधी मीटरचं बोला."

योगेश्वरीने उभं राहून सांगितलं. घाई केली नाही. मशीनवर वरूनच कमी येत होतं, म्हणून आकड्याचा प्रश्नच नाही. झाड उत्तरेला, म्हणून झाडाची सावली नाही. प्लेटा शाबूत आणि धुतलेल्या. मग भिजलेली खाट, वाळलेला सांबार, अरुंद झालेली सावली. "प्लेटा उत्तरेकडे कलल्या होत्या. काल त्या सरळ केल्या. बाण आता कुणीही येऊन पाहावा."

"कलवल्या कोणी?" टेकचंदने विचारलं.

"घरच्या माणसाने. चोरी म्हणून नाही."

"नाव सांग न मग. आमचं नाव घ्याले त काल घरी आली होतीस."

योगेश्वरी मायकडे मुद्दाम पाहत नव्हती.

"मी," बायकांमधून आवाज आला. धनवंताबाई उभ्या राहिल्या होत्या. डोक्यावरचा पदर जागचा हलला नाही.

"कायले, वहिनी?"

"घरात माणूस गेलं होतं. चूल थंड ठेवाची होती."

कुणी हसलं नाही. त्या पटांगणात असं एकही घर नव्हतं, ज्याची चूल कधी थंड झाली नव्हती. म्हाताऱ्या जमुनाबाईने नुसती मान हलवली, आणि ती मान ओळीने बायकांमधून पुढे जात राहिली.

"त्या दिवशीचा भात माह्याच घरून आला होता," टेकचंद म्हणाला. "मले समजाले पाहिजे होतं." तो बसला. मग बसल्या बसल्याच त्याने हात वर केला. "ठरावाले. अजून कोणाचे आहेत?"

हात वर होत गेले. मोजायचं काम पडलं नाही.

"पण एक सांग बाई," टेकचंद म्हणाला. हरल्यावरही त्याला शेवटचा शब्द हवा होता. "तू एवढी शिकलेली. तुह्या त्या जगाच्या अभ्यासात बिसनलाल कुठं बसते? का आम्हीच त्याले डोक्यावर घेऊन राहिलो?"

योगेश्वरी पुन्हा उभी राहिली. शाळेच्या छपरापलीकडे त्यांचं छत दिसत होतं. प्लेटा दक्षिणेकडे तोंड करून ऊन घेत होत्या.

"दरवर्षी पहिल्या तासाला मी मुलांना एका शेतकऱ्याची गोष्ट सांगते," ती म्हणाली. "जग काय काय संपवतंय, ते सगळं नंतर शिकवते. आधी हा माणूस. त्याच्या छतावर सूर्य कामाला असतो, तरी तो दिवसा दिवा लावत नाही. प्लेटा धुतलेल्या पाण्यावर तो सांबार वाढवतो. त्याला लागतं तेवढं तो घेतो आणि उरलेलं न विचारता पुढे पाठवतो. मी मुलांना सांगते, सगळे असे राहिले तर ही एक पृथ्वी पुरून उरेल. हे शब्दही त्याचेच. मुलं विचारतात, मॅडम, हा माणूस कोण? मी म्हणते, गोरेगाव तालुक्यातला एक शेतकरी."

तिने मायकडे पाहिलं.

"त्यांना हे मी कधी सांगितलं नाही. आज सांगते. तो शेतकरी म्हणजे बिसनलाल टेंभरे. मी त्यांची मुलगी आहे."